दाखवायचं घर

चौदा वर्षं आम्ही नगरमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. नवरा नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. मूल झालं नाही. ते दुःख जुनं होत गेलं आणि त्याच्या जागी हळूहळू घराचा विचार येऊन बसला. शेवटी नागापूरच्या पुढे, वस्ती विरळ होत जाते तिथे दोन गुंठे जागा घेतली. आजूबाजूला बाभळी, एक बंद पडलेली वीटभट्टी आणि लांबवर कंपन्यांची पत्र्याची छपरं. जागा नावावर झाली त्या रविवारी आम्ही चर्चमधल्या उपासनेवरून परस्पर तिथे गेलो आणि चपला काढून उभे राहिलो. कशासाठी काढल्या ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

घर बांधण्यातलं आम्हाला काही कळत नव्हतं. आमच्या मंडळीत एक गवंडी होते, साठी ओलांडलेले. चर्चच्या आवाराची भिंत त्यांच्या हातची. त्यांना विचारलं, तर ते सायकलवर जागेपर्यंत आले, पावलं मोजत फिरले, पहारीनं दोन ठिकाणी माती उकरून बघितली. आठ दिवसांनी वहीची चार पानं घेऊन घरी आले. पाया, सळई, सिमेंट, वाळू हे तर त्यात होतंच, पण दारांच्या बिजागऱ्या, टाकीवरचं झाकण, जिन्याचा कठडा, स्लॅबवर मारायच्या पाण्याचे टँकर, हेसुद्धा लिहिलेलं होतं. शेवटच्या पानावर बेरीज. ती बघून नवऱ्यानं पान उलटं करून ठेवलं.

"जास्त वाटतंय, बाबा," मी म्हटलं.

"वाटनारच," ते म्हणाले. "पन ह्याच्यात लपवलेलं काय न्हाई. एवढं नसंल तर आत्ता दोनच खोल्या करू. पाया चार खोल्यांचा घालू, बाकीचं पुढं बघू. आनि मला आधी पैसे देऊ नका. काम दिसंल तसं द्या. मलाच न्हाई, कुनालाच आधी देऊ नका."

आम्हाला चार खोल्या हव्या होत्या. चौदा वर्षं मनात चार खोल्या बांधल्यावर दोन खोल्या म्हणजे पुन्हा तेच भाड्याचं घर वाटत होतं. विचार करून सांगतो, असं आम्ही म्हणालो. त्यांनी चहा संपवला, पानं घडी करून टेबलावरच ठेवली आणि गेले. ती पानं मी कपाटात ठेवून दिली. फेकवत नव्हती आणि बघवतही नव्हती.

मग ठेकेदार आला. नवऱ्याच्या वर्कशॉपमधल्या कुणीतरी त्याचं नाव सुचवलं होतं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, पांढरी गाडी. बोलणं इतकं मऊ की समोरच्यानं आवाज चढवायचा म्हटला तरी चढवता येऊ नये. त्यानं मोबाईलवर घरांचे फोटो दाखवले, फुटामागे दर सांगितला आणि जागेवरच गुणाकार करून दिला. गवंडीबाबांच्या बेरजेपेक्षा तो आकडा बराच खाली होता.

"ह्यात काय काय येतं?" नवऱ्यानं विचारलं.

"सगळं येतं, साहेब. तुम्ही फक्त किल्ली घ्यायला यायचं."

मी मध्ये बोलले. ठेकेदार ठरवण्याआधी त्यानं बांधलेलं घर डोळ्यांनी बघावं, घरमालकाशी बोलावं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. तसं म्हणाले. बोलल्यावर मला जरा अभिमानही वाटला, की बघा, मला फसवणं सोपं नाही. ठेकेदाराला त्याचं काहीच वाटलं नाही. तो हसला आणि म्हणाला, "जरूर. गुरुवारी सणाची सुट्टी आहे ना तुम्हाला? माझ्या गाडीतून जाऊ. शिंगणापूरच्या बाजूला एक घर आहे माझं केलेलं."

गुरुवारी गेलो. घर मुख्य रस्त्यापासून आत, उसाच्या कडेला होतं. बाहेरून रंग दिलेलं, नीटनेटकं. दाराला चौकट होती, फळ्या नव्हत्या. त्या भागात घरांना दारं लावत नाहीत हे मी लहानपणापासून ऐकलेलं. आम्ही ख्रिस्ती, आमचा त्या देवस्थानाशी संबंध नाही, पण जिल्ह्यातल्या कुणालाही ते माहीत असतंच. ठेकेदार म्हणाला, "इथं दारांचा खर्चच नाही बघा," आणि आम्ही दोघं हसलो.

आत आलो. खोल्यांनाही दारं नव्हती. खिडक्यांना गज होते, झडपा नव्हत्या. न्हाणीला गोणपाटाचा पडदा होता. ही तिथली रीतच, असं मी मनाशी म्हणत गेले. कोपऱ्यातून गच्चीवर जाणारा जिना होता. त्याच्या मोकळ्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक जुनी साडी ताणून बांधली होती. वाळत घातली असेल, असं मला वाटलं.

घरची बाई पन्नाशीची होती. तिनं चहा दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी विचारलं, काम कसं झालं. "चांगलं झालं." वेळेवर दिलं का? "व्हय." पैशांचा काही त्रास? "न्हाई." उत्तरं ती मला देत होती, पण बघत होती ठेकेदाराकडे. आतल्या खोलीतून मधूनमधून आवाज येत होता, खाटेच्या लाकडावर बोटांनी ठोकल्यासारखा. दोन ठोके, मग थांबणं, मग पुन्हा दोन.

"मालक आराम करतायत," ठेकेदार म्हणाला. "जरा तब्येत बरी नाही."

निघताना तो फोनवर बोलत गाडीकडे गेला, नवरा त्याच्या मागे. मी चौकटीत चपला घालत होते. तेवढ्यात बाई जवळ आली आणि तिनं माझं मनगट धरलं. हात गार होता, पिठाचा होता.

"तुमच्या घरात म्हातारं मानूस हाय का?" तिनं हळू विचारलं.

"नाही. आम्ही दोघंच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मनगट सोडलं. "बरं मग," म्हणाली. "बरं हाय."

गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, बाई मायाळू होती. त्याच आठवड्यात आम्ही ठेकेदाराला इसार दिला. गवंडीबाबांना कळवायला मी गेले नाही, नवराही गेला नाही. पुढच्या रविवारी ते चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर होते. त्यांना कळलेलं होतं. "चांगलं करा, बाई," एवढंच ते म्हणाले.

पुढचं सगळं फार सावकाश आणि फार साध्या रीतीनं घडलं. ठेकेदारानं आम्हाला कधी फसवल्यासारखं वाटूच दिलं नाही. तो फोन करायचा, "सिमेंटचा भाव चढतोय, मॅडम, आत्ताच उचलून ठेवू." पैसे दिले. "सळईवाला रोख मागतोय." दिले. स्लॅब पडायच्या आधीच आम्ही स्लॅबचे पैसे दिलेले असायचे. लिहून घेतलेलं काय, तर त्याच्या डायरीतलं एक पान, त्यावर फुटाचा दर आणि खाली त्याची सही. मग हळूहळू त्या दरात काय येत नाही ते समजायला लागलं. पाण्याची टाकी त्यात नव्हती. बाहेरचं प्लॅस्टर त्यात नव्हतं. मागचं दार, न्हाणीचं दार, कठडा, ते "फिनिशिंगमध्ये". फिनिशिंग म्हणजे काय आणि ते कधी, हे विचारलं की म्हणायचा, "होणार ना, मॅडम. तुमचंच घर आहे."

आतलं प्लॅस्टर झालं आणि काम थांबलं. फोन लागायचा, पण उचलला जायचा नाही. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरणं जमेना, म्हणून आम्ही तसेच राहायला गेलो. पुढच्या दाराला फळ्या होत्या, तेवढ्यावर. पाळकसाहेबांनी येऊन प्रार्थना केली, मंडळीतली दहाबारा माणसं आली. गवंडीबाबाही आले. त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला, खिडकीखालच्या भेगेत नख घालून बघितलं, जिन्यापाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "कठडा राह्यलाय." प्रार्थनेनंतर वाटलेला केकचा तुकडा हातात धरून बराच वेळ तिथेच होते.

आमचाही जिना आतूनच गच्चीवर जायचा. टाकी नव्हती म्हणून गच्चीवर ड्रम ठेवलेला, त्यात पाणी आहे का बघायला दिवसातून दोनदा तरी चढावं लागे. एकदा उतरताना नवऱ्याचा पाय सरकला. पडला नाही, भिंतीला धरून बसला, पण उठल्यावर त्याचे ओठ पांढरे झालेले दिसले. दुसऱ्या दिवशी मी एक जुनी साडी काढली आणि जिन्याच्या मोकळ्या बाजूनं बांधायला घेतली. वरचं टोक सळईला बांधलं, मधे एका खिळ्याला गुंडाळलं. तिसरी गाठ मारताना माझे हात थांबले.

ती साडी वाळत घातलेली नव्हती.

मी पायरीवर बसले. न्हाणीचं गोणपाट, झडपा नसलेल्या खिडक्या, आतली ती खाट. रीत फक्त बाहेरच्या दाराची होती. बाकी सगळं न झालेलं काम होतं आणि आम्ही ते देवाच्या नावावर टाकून हसलो होतो. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तसं काही नसेल." आणि मग जेवताना म्हणाला, "असलं तरी आता काय?"

महिनाभरानं ठेकेदाराचा फोन आला. आपणहून. आवाज तसाच मऊ.

"मॅडम, उद्या एक पार्टी घेऊन येतो घर बघायला. नवरा-बायको आहेत, तुमच्यासारखेच साधे. चार शब्द चांगले बोला. सोमवारी कठडेवाला पाठवतो तुमच्याकडे. न्हाणीचं दारही लावून टाकू."

मी गप्प राहिले. त्यानं ते हो समजलं, आणि ते बरोबरच होतं.

शाळेत रजा टाकली होती. सकाळी मी घर झाडलं, फरशी पुसली. आणि जिन्याची साडी सोडून घडी करून आत ठेवली. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. हे मी माझ्या मनानं केलं.

नवरा कामावर गेलेला होता. ते तिघं आले. तरुण मुलगा एमआयडीसीतच कुठल्याशा कंपनीत होता. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर. जांभळी छत्री, डोळे सारखे इकडेतिकडे. विळद घाटाच्या अलीकडे त्यांनी जागा घेतली होती. ती प्रत्येक खोलीत जाऊन भिंतीला हात लावत होती. जिन्याकडे वळली तशी मी पुढे झाले. "वर चढू नका," म्हणाले, "बघण्यासारखं काही नाही वर."

"काम वेळेत झालं का, मॅडम?" तिनं विचारलं.

"झालं."

"पैसे वाढवून मागतात का हे लोक?"

"थोडंफार वाढतंच," मी म्हटलं. "सगळीकडेच वाढतं."

ठेकेदार खिडकीशी उभा होता. मी तिच्याशी बोलत होते आणि माझी नजर त्याच्याकडे जात होती. ती मला आवरता येईना. शिंगणापूरच्या त्या भिंतीला टेकून उभं राहिलेलं माणूस आता मीच होते, आणि माझ्या तोंडून निघणारे शब्दही तिचेच होते. फक्त मला थोडं शुद्ध बोलता येत होतं.

तीन दिवसांनी, शनिवारी, माझी सकाळची शाळा सुटून मी घरी आले होते. आदल्या संध्याकाळीच कठडेवाल्याचा माणूस येऊन माप घेऊन गेला होता. दोनच्या सुमारास दार वाजलं. खिडकीच्या फटीतून बघितलं तर जांभळी छत्री. ती एकटी होती.

ती कशाला आली ते मला बघताक्षणी कळलं. ठेकेदार नसताना तिला मला विचारायचं होतं.

मी दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिले. तिनं पुन्हा कडी वाजवली. "मॅडम," अशी हाक मारली. थोडं थांबून पुन्हा एकदा. मग पायरीवर बसली. बाटली उघडल्याचा, पाणी प्यायल्याचा आवाज आला. आमच्यात एका फळीचं अंतर होतं. तिचा श्वास मला ऐकू येत होता, चालून आल्यामुळे लागलेला. माझा तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर पदर धरला. मनात एवढंच होतं की सोमवारी कठडा बसणार आहे. आज दार उघडलं तर बसणार नाही.

बऱ्याच वेळानं ती उठली. पावलं लांब जाताना ऐकू आली. मी तरी जागची हलले नाही.

सोमवारी कठडा बसला. ठेकेदारानं शब्द पाळला. न्हाणीला दारही लागलं. नवरा खूश होता, कठड्याला धरून वर-खाली करून त्यानं मला दाखवलं. मी त्याला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मला दुपारी दार वाजल्यासारखं व्हायचं. शाळेला सुट्टी असली की दोन वाजायच्या सुमाराला मी हातातलं काम टाकून बसायची. उघडून बघायची, तर समोर बाभळी आणि रस्ता. एकदा नवऱ्यानं विचारलं, "कोण आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही." तो म्हणाला, "मग उघडतेस कशाला?" रात्री झोप लागायची, पण दिवसा त्या घरात एकटं बसवायचं नाही. शाळा सुटल्यावर मी उगाच वह्या तपासत तिथेच थांबायला लागले.

दीडेक महिना असा गेला. मग एका रविवारी उपासना बुडवून मी एकटीच शिंगणापूरला गेले, जीपमध्ये भाविकांच्या मधे बसून. घर सापडायला वेळ लागला. बाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं.

"या," म्हणाली. "मला वाटलं हुतं तुमी याल."

आत जिन्याला कठडा होता. निळ्या रंगाचा.

"तुमी येऊन गेला ना, त्याच्या चौथ्या दिवशी बसवला," ती म्हणाली. "तुमच्यामुळं बसला."

मग तिनं मला आतल्या खोलीत नेलं. खाटेवर तिचा नवरा होता. कमरेखालचं अंग गेलेलं, बोलणंही गेलेलं. काही हवं असलं की बोटांनी लाकडावर ठोकायचा. आम्ही येण्याच्या चार महिने आधी तो त्या जिन्यावरून पडला होता, भरदिवसा, हातात कपड्यांची बादली असताना.

"मंग साडी बांधली मी," ती म्हणाली. "ते पडल्यावर. आधी सुचलं न्हाई. त्यो फोनवर म्हनला, पार्टी आनतो, चांगलं बोला, कठडा बसवून देतो. मला वाटलं, ह्यांचं तर झालं. पन उद्या नातवंडं येतील." तिनं नवऱ्याची उशी सरळ केली. "तुमाला सांगायचं लई मनात हुतं. धीर झाला न्हाई. म्हातारं हाय का इचारलं, तुमी न्हाई म्हनला, तर मला जरा बरं वाटलं. रातभर मनाला समजावलं, त्यांच्यात म्हातारं न्हाई, पडायचं न्हाई कुनी."

मी तिला सांगितलं की मीही तसंच केलं. आणि ती बाई गरोदर आहे, आणि ती परत आली तेव्हा मी दार उघडलं नाही. तिनं ऐकून घेतलं. शेंगांची टरफलं पदरातून झटकली.

"मंग जा की," ती म्हणाली. "माझ्याकडं कशाला आलाय? तिकडं जा."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला न सांगता साडी काढलीस?" त्याला तेच लागलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून परत येताना तो गवंडीबाबांकडे गेला.

आम्ही तिघं विळदच्या बाजूला गेलो. चारपाच अर्धवट बांधकामं बघितल्यावर ते सापडलं. कॉलम उभे होते, एका बाजूला थोड्या विटा. तरुण मुलगा कॉलमना पाणी मारत होता. ती विटांच्या ढिगावर बसली होती, दिवस अगदी भरत आलेले.

मी उभ्यानंच बोलले. काहीही ठेवलं नाही. कठड्याचं, साडीचं, शिंगणापूरचं. तिच्या नवऱ्यानं नळी खाली टाकली. पाणी तसंच वाहत राहिलं.

"मी आले होते त्या शनिवारी," ती म्हणाली.

"माहीत आहे. मी घरातच होते."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "आत पंखा चालू होता. बाहेर ऐकू येत होता. मी पायरीवर बसून विचार करत होते, की पंखा चालू ठेवून कोण कशाला बाहेर जाईल. मग वाटलं, झोपल्या असतील. आम्ही त्याच संध्याकाळी त्याला पैसे दिले."

गवंडीबाबांनी टेप काढला. खोदाई, कॉलम, सळई, सगळं मोजलं आणि विटांच्या ढिगावर कागद ठेवून मांडलं. दिलेले पैसे अर्ध्याहून जास्त होते, झालेलं काम पाव हिश्श्याचंही नव्हतं. "ह्याच्या फुडं एक रुपाया देऊ नका," ते म्हणाले. ठेकेदार एकदा येऊन गेला, मऊ आवाजात म्हणाला, माझ्यावर विश्वास नसेल तर मी काय करणार. नंतर त्याचा फोन लागेनासा झाला. तो दुसऱ्या तालुक्यात काम करतो असं कळलं. लेखी म्हणावं असं त्यांच्याकडेही डायरीतलं एक पानच होतं. गेलेले पैसे गेले.

उरलेल्यातून गवंडीबाबांनी त्यांना दोन खोल्या बांधून दिल्या. बाळंतपणाला ती माहेरी, कर्जतकडे गेली, तेवढ्या काळात भिंती उभ्या राहिल्या. बाबा मजुरी आठवड्याला घ्यायचे, शनिवारी, झालेलं काम दाखवून. माझा नवरा रविवारी तिकडे जायचा. खिडक्यांच्या जाळ्या त्यानं स्वतः वेल्डिंग करून दिल्या. त्या त्यांनी घेतल्या. मी पैसे द्यायला गेले, तर तिनं पाकीट माझ्या हातात परत ठेवलं. "नको, मॅडम," म्हणाली. रागानं नाही म्हणाली, त्यामुळे मला पुढे काही बोलता आलं नाही.

मुलगी झाली. घरभरणीचं बोलावणं माझ्या नवऱ्याच्या फोनवर आलं, आम्ही दोघं गेलो. तिनं मला ताट वाढलं, जिलेबी आग्रहानं घातली. बाळ सगळ्यांच्या हातात फिरत होतं. माझ्याकडे आलं नाही, आणि मीही हात पुढे केले नाहीत.

याला आता काही वर्षं झाली. गवंडीबाबा गेले. शाळेत कुणी घर बांधायला काढलं की मला विचारायला येतं, ठेकेदार कसा बघायचा, खर्च हाताबाहेर जाऊ नये म्हणून काय करायचं. मी सांगते. झेपेल तेवढंच बांधा. पैसे कामाच्या मागून द्या. दारं, खिडक्या, कठडा, टाकी, एकेक वस्तू लिहून घ्या, न लिहिलेली वस्तू तुमची नाही असं समजा. हातात थोडे पैसे राखून ठेवा, कारण ते लागतातच. आणि ठेकेदारानं बांधलेलं घर बघायला त्याच्या गाडीतून जाऊ नका. एकट्या जा, आधी न कळवता, आणि घरातली बाई कुणाकडे बघून बोलते ते बघा.

गेल्या महिन्यात एक नवी शिक्षिका आली. तिला मी विळदकडच्या त्या घराचा पत्ता दिला. म्हटलं, तिथे जा, त्यांनी दोन्ही अनुभव घेतलेत. ती जाऊन आली आणि मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी बसली. जरा अवघडलेली दिसत होती.

"त्यांनी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "तास दीड तास बसवून घेतलं. कुणीही विचारायला आलं तर सांगतात म्हणे."

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"तुमच्याबद्दलही सांगितलं, मॅडम."

"काय सांगितलं?"

तिनं डबा बंद केला, पुन्हा उघडला. मग तिनं सांगितलं. शनिवार, दोन वाजले होते, कडी दोनदा वाजवली, दोन हाका मारल्या, आत पंख्याचा आवाज. एकही गोष्ट वाढवलेली नव्हती.

"असंच झालं होतं," मी म्हटलं.

घंटा झाली. आम्ही दोघी आपापल्या वर्गाकडे गेलो.